मुलीला अजून चष्मा नाही, पण लागण्याची शक्यता जास्त आहे म्हणतात. आत्ताच काय करता येईल?

विश्रामबागची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. आम्हा दोघांनाही लांबचा चष्मा. माझा नंबर मायनस साडेतीन, तिच्या बाबांचा मायनस सात. शाळेतल्या तपासणीत तिने तक्त्याची शेवटची ओळ वाचली आणि कार्डावर 'नॉर्मल' लिहून आलं. तरी बाबांचा नंबर बघता मनात धास्ती होतीच, म्हणून मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि नंबर काढला. दोन्ही डोळ्यांत प्लस पाव आला.

डॉक्टर म्हणाले, आज चष्मा नको. पण या वयात प्लस इतका कमी उरलाय आणि आईवडील दोघंही मायनसवाले, त्यामुळे पुढच्या एक-दोन वर्षांत मायनस लागायची शक्यता बरीच आहे. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, तोवर रोज दोन तास उजेडी बाहेर खेळवा म्हणाले.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं मत. सासूबाई म्हणतात मोबाइल बंद करा, बाकी काही नको. जाऊबाई म्हणतात आनुवंशिक आहे, लागायचा तो लागणारच. मैत्रिणीच्या मुलाला रात्री कसलेसे थेंब घालतात, तिचा आग्रह की तेच लगेच सुरू करा. प्लस नंबर कमी असणं म्हणजे नेमकं काय? आणि बाहेर खेळून खरंच फरक पडतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

कृष्णाकाठचा
वाचतोय. आमच्याकडे पण हीच परिस्थिती, फक्त मुलगा पाचवीत.

चारभिंती_सातारा
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, साताऱ्यातच काम करते. तुम्ही चष्मा लागायच्या आधी थेंब घालून तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक पालक येतात तेव्हा मूल फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून लिहीत असतं.

लहान मुलांचा डोळा जन्मतः आखूड असतो, म्हणून थोडा प्लस नंबर असणं ही नैसर्गिक गोष्ट. मूल वाढतं तशी डोळ्याची लांबी वाढते आणि तो प्लस हळूहळू वापरला जातो. वयाच्या मानाने तो लवकर संपत आला की डोळा गरजेपेक्षा जास्त लांब होणार, म्हणजे मायनस लागणार, अशी शंका घ्यायची. अमेरिकेत मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २०१५ साली जे निष्कर्ष छापले गेले त्यानुसार पहिलीच्या वयात प्लस पाऊणपेक्षा कमी, दुसरी-तिसरीत प्लस अर्ध्यापेक्षा कमी असेल तर धोका जास्त धरतात. तुमची मुलगी प्लस पाववर आहे. डॉक्टर बरोबर बोलले.

शाळेच्या तपासणीत हे कळणं शक्यच नाही. प्लस पाववालं मूल सहा मीटरवरून शेवटची ओळ मजेत वाचतं. ती तपासणी आज दिसतंय का एवढंच सांगते.

आनुवंशिकतेबद्दल: आईवडील दोघांना मायनस असेल तर शक्यता नक्कीच वाढते. पण पूर्व आशियातल्या शहरांत दोन पिढ्यांत चष्मेवाल्या मुलांचं प्रमाण प्रचंड वाढलं. माणसाची जनुकं इतक्या लवकर बदलत नाहीत, बदललं ते मुलांचं दिवसभराचं वेळापत्रक. म्हणून 'लागायचा तो लागणारच' हे मला मान्य नाही.

हळदीचा_गाव
शाळेच्या तपासणीबद्दल एक. आमच्या पुतण्याचा तक्ता पाठ होता. रांगेत पुढची दहा पोरं तीच ओळ मोठ्याने वाचत होती!

झेडपी_गुरुजी
@हळदीचा_गाव, खरं आहे. मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. एका दिवसात त्यांना वजन, दात, कान, त्वचा, हृदय सगळंच बघायचं असतं. तरी त्यातून दरवर्षी दोन-चार मुलं सापडतातच, ज्यांच्या घरी कोणालाच कल्पना नसते. म्हणून त्या तपासणीला कमी लेखू नका. आम्ही आता इंग्रजी 'ई' चारही दिशांनी फिरवलेला तक्ता लावतो आणि मुलांना एकेक करून आत घेतो. एक डोळा हाताने नीट झाकलाय ना, बोटांच्या फटीतून बघत नाही ना, हे मात्र तिथे उभं राहून बघावं लागतं.

त्रिफळा_प्रेमी
ताई, औषधं आणि थेंबांच्या मागे लागण्यापेक्षा रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, गाजर, पपई, गाईचं तूप द्या आणि त्राटक करायला शिकवा. आमच्या घराण्यात कोणाला चष्मा नाही.

मिरजकर_आजोबा
घराण्यात कोणाला चष्मा नाही म्हणजे आनुवंशिकता तुमच्या बाजूने आहे हो. तूप कशाला मध्ये आणता?

चारभिंती_सातारा
@त्रिफळा_प्रेमी, गाजर-पपई जरूर द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, बुबुळ खराब होतं, तेव्हा तो आहार मोलाचाच आहे. पण मायनस नंबर येतो डोळ्याची लांबी वाढल्यामुळे, आणि ती लांबी खाण्याने कमी होत नाही. व्यायामाचंही तसंच. चीनमध्ये १९६० च्या दशकापासून शाळांमधून डोळ्यांचे व्यायाम घेतले जातात, तरी तिथे चष्म्यांचं प्रमाण वाढतच गेलं. घरी केलेल्या पाण्याने लहान मुलांचे डोळे धुऊ नका अशी माझी कळकळीची विनंती. त्यातून जंतुसंसर्ग झालेले डोळे मी पाहिलेत.

कॉलनी_नंबर_९
माझा अनुभव सांगते. मोठीला आठव्या वर्षी मायनस एक लागला, नववीत येईपर्यंत मायनस पाच. तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं जायचं की दरवर्षी या आणि काच बदला. धाकट्याच्या वेळी नवीन डॉक्टरांनी डोळ्याची लांबी मोजली, मिलिमीटरमध्ये. मशिनसमोर हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्याला काही लागत नाही. त्याला रात्री ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपीनचा एक थेंब सुरू केला. पुढे वाढीचा वेग फारसा कमी होईना म्हणून जास्त मात्रेचा दिला. आता तो सातवीत मायनस सव्वादोनवर आहे. थेंबांमुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणणार, दोन मुलांचे डोळे सारखे नसतात. पण कोणीतरी वाढ मोजतंय, त्याप्रमाणे उपचार बदलतंय, हा धीर फार मोठा होता.

कृष्णाकाठचा
लांबी किती असावी लागते? आमच्या रिपोर्टवर २४.३ लिहिलंय आणि कोणी काही समजावून सांगितलं नाही.

चारभिंती_सातारा
@कृष्णाकाठचा, मोठ्या माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस ते चोवीस मिलिमीटर असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा २४.३ म्हणजे लक्ष ठेवायला हवं. मात्र एका आकड्यावरून घाबरू नका, उंच मुलांचे डोळे थोडे मोठे असतात. वर्षाला वाढ किती होते हे जास्त महत्त्वाचं. चष्मा नसलेल्या शाळकरी मुलांत वर्षाला ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास वाढ दिसते. ०.३ किंवा त्याहून जास्त वाढत असेल तर डोळा धावतोय असं समजायचं. लांबी एक मिलिमीटर जास्त झाली की नंबर ढोबळमानाने दोन ते अडीचने वाढतो.

पोवईनाका
माझा भाऊ चष्म्याच्या दुकानातून मुलाचा नंबर काढून आणतो, पाच मिनिटांत काम. त्यात काय चुकतं?

चारभिंती_सातारा
दुकानातलं मशीन वाईट नाही, पण लहान मुलं मशिनमध्ये बघताना डोळ्याचे स्नायू आवळतात आणि नसलेला मायनस दिसतो, किंवा असलेला वाढीव दिसतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला पहिला चष्मा देण्याआधी थेंब घालूनच नंबर काढावा. दिवसभर जवळचं अंधुक दिसतं, उन्हात डोळे दिपतात, शाळा एक दिवस बुडते, एवढाच त्रास. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र नेऊ नका.

निवृत्त_सुभेदार
आमच्या साताऱ्यात सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, देशातली पहिली. गल्लीगल्लीत मुलांना एनडीएचं स्वप्न. दरवर्षी पोरं लेखी पास होतात, मुलाखतीत पास होतात आणि मेडिकलला डोळ्यांवर अडकतात. आईबाप रडतात. तेव्हा कळून उपयोग काय? ज्यांना मुलाला सैन्यात पाठवायचंय त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षीच डोळे तपासून घ्यावेत. तिन्ही दलांचे आणि शाखांचे निकष वेगवेगळे असतात, अधिकृत जाहिरातीतच वाचावेत. आमच्या काळी पहाटे अजिंक्यतारा चढून यायचो, दिवस मैदानात जायचा. आता पहाटे क्लास, संध्याकाळी क्लास, रविवारी टेस्ट.

स्कॉलरशिपवाली_आई
क्लासला नावं ठेवणं सोपं आहे काका. ज्यांच्याकडे शेती नाही, धंदा नाही, त्यांच्या मुलांना स्कॉलरशिप आणि नवोदयशिवाय वाट कोणती? माझी मुलगी सहा ते आठ क्लासला असते, शाळा अकरा ते पाच. दोन तास बाहेर कधी काढायचे ते सांगा, टोमणे नकोत.

निवृत्त_सुभेदार
टोमणा नव्हता बाळा. तुझं म्हणणं पटतंय. वाट शोधायला हवी हेच म्हणतोय.

चारभिंती_सातारा
@स्कॉलरशिपवाली_आई, दोन तास सलग लागत नाहीत, दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी चालतात. क्लास अंधार पडल्यावर असेल तर उत्तमच, उजेडाचा वेळ वाया जात नाही. शाळा अकराची म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊ हा तुमचा हुकमी वेळ. दूध-नाश्ता गच्चीवर, शाळेत चालत जाणं, मधली सुट्टी वर्गाबाहेर, शाळा सुटल्यावर क्लासपर्यंत अंगणात. बेरीज होते.

यामागचं कारण सांगते, म्हणजे घरच्यांना पटवायला सोपं जाईल. वर्गात उजेड साधारण तीनशे ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर स्वच्छ दिवशी दहा हजाराच्या पुढे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याची लांबी वाढण्याला आवर घालतं असं मानलं जातं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर जादा दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने मायनस लागलेली मुलं ३०.४ टक्के होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवानने तर २०१० पासून रोज १२० मिनिटं बाहेर हे शाळांचं धोरणच केलं.

हळदीचा_गाव
आमची पोरगी रोज तासभर बॅडमिंटन खेळते, म्हणजे अर्धं काम झालं की.

चारभिंती_सातारा
हॉलमध्ये की मैदानात? सिडनीच्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की बंद हॉलमधल्या खेळाचा फायदा होत नाही. उलट बाहेर नुसतं बसलेल्या मुलालाही होतो. तब्येतीसाठी बॅडमिंटन चालूच ठेवा, पण हे खातं वेगळं आहे.

हळदीचा_गाव
हॉलमध्ये. आता बाहेर काढतो.

विश्रामबागची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी माहिती एकत्र कुठेच मिळाली नव्हती. पण सांगलीचा एप्रिल-मे आठवून बघा. अकरा ते चार बाहेर पाऊल ठेववत नाही. उन्हात दोन तास म्हणजे पोर आजारी पडायची.

चारभिंती_सातारा
ऊन अंगावर घ्यायची गरज नाही ताई. तैवानच्या शाळांमधल्या अभ्यासात हेही दिसलं की हजार लक्सच्या वरचा उजेड पुरेसा वेळ मिळाला तरी फायदा होतो, आणि तेवढा उजेड झाडाखाली, व्हरांड्यातसुद्धा मिळतो. टोपी घाला, आमराईच्या सावलीत खेळू द्या. उन्हाळ्यात सकाळी साडेसहापासून उजेड असतो.

मिरजकर_आजोबा
आमच्या घरी हिने लगेच फर्मान काढलंय. गच्चीवर सांडगे आणि मिरच्या वाळत घातल्या की राखणीला नात! दोघींची सोय झाली.

झेडपी_गुरुजी
शहरातल्यांचं ऊन, आमचं बिबट्या. कराड, पाटण, शिराळा पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी पाचनंतर आईबाप पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत आणि मी त्यांना दोष देणार नाही. मग पोरं घरात, हातात मोबाइल. 'खेड्यातल्या मुलांना चष्मा लागत नाही' ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

या धाग्यावर ग्वांगझूचं वाचून सहकाऱ्यांशी बोललो. परिपाठ आम्ही मैदानात घेतोच. आता मराठीच्या वाचनाचा तास आणि पाढे लिंबाखाली घ्यायचं ठरलंय, पोषण आहाराची पंगत व्हरांड्यात. कर्मवीरांच्या जिल्ह्यात झाडाखालचा वर्ग काही नवा नाही, रयतच्या बोधचिन्हावरच वटवृक्ष आहे. आईबापांकडून होत नसेल ते शाळेने दिवसाउजेडी करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

स्कॉलरशिपवाली_आई
गुरुजी, तुमच्यासारखं आमच्या शाळेत कोणी केलं तर माझा निम्मा प्रश्न सुटेल. आमच्याकडे मधल्या सुट्टीतही 'धूळ होते' म्हणून वर्गात बसवतात. पालक सभेत हा विषय मांडणार.

पोवईनाका
एक उलटा मुद्दा. सगळं उजेडावर ढकलताय, मग मोबाइलला मोकळीक का?

चारभिंती_सातारा
नाही, मोकळीक मुळीच नाही. जगभरातल्या ४५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोजचा स्क्रीनचा वेळ एका तासाने वाढला तर मायोपियाची, म्हणजे मायनस नंबराची, शक्यता सुमारे २१ टक्क्यांनी जास्त आढळली. सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण पुस्तकही डोळ्याला जवळचंच काम आहे. तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ धरून अर्धा तास सलग वाचणं टाळायचं. कोपर ते मूठ एवढं अंतर मुलांना लक्षात राहतं. अंथरुणात लोळून मोबाइल बघताना ते वीतभरावर येतं, म्हणून टीव्ही त्यातल्या त्यात बरा.

त्रिफळा_प्रेमी
चष्मा लागलाच तर थोडा कमी नंबरचा द्यावा म्हणतात, म्हणजे डोळ्याला सवय राहते. आणि सतत लावू नये.

चारभिंती_सातारा
हे मात्र कृपया कोणी करू नका. मलेशियात २००२ साली हेच करून पाहिलं. ज्या मुलांना मुद्दाम कमी नंबर दिला त्यांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही.

पडदा_सांभाळा
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. मला लहानपणापासून मोठा मायनस नंबर, दहाच्या पुढे. 'जाड भिंग' एवढाच त्रास वाटायचा. चाळिशीत एका संध्याकाळी डोळ्यासमोर ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके तरंगले आणि सकाळी खालच्या बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसायला लागलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, डोळा वाचला, पण पूर्वीसारखी नजर नाही. माझ्यासारखे जाड भिंगवाले इथे असतील तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि ठिणग्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेसर करून चष्मा गेला तरी डोळा आतून लांबच राहतो, तपासणी सुटत नाही.

लोक म्हणतात, चष्मा लागला तर लागला, त्यात काय एवढं. एक-दोन नंबरात काही नाही. पण सातव्या वर्षी लागलेला नंबर अठरापर्यंत वाढत राहतो. तो दहाव्या-अकराव्या वर्षी लागला तर वाढायला वर्षं कमी मिळतात. म्हणून ताई, तुमची धडपड योग्य आहे.

कॉलनी_नंबर_९
तुमचं वाचून मोठ्या लेकीला पडदा तपासायला घेऊन जायचं पक्कं केलं. धन्यवाद.

चारभिंती_सातारा
@पडदा_सांभाळा, तुमच्या मुद्द्याला पुरवणी. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की शेवटचा नंबर एका डायॉप्टरने, म्हणजे एका नंबराने, जरी कमी राखता आला तरी मायोपियामुळे पडद्याचा मध्यभाग खराब होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी घटते. पाचचा चार करणंही वाया जात नाही.

विश्रामबागची_आई
मूळ प्रश्नाकडे येते. थेंब आत्ताच सुरू करावेत का? आणि नंबर वाढू नये म्हणून चष्म्यात घालतात त्या नवीन प्रकारच्या काचा?

चारभिंती_सातारा
काचा आणि खास कॉन्टॅक्ट लेन्स मायनस लागल्यानंतरसाठी. हाँगकाँगमध्ये तपासलेल्या एका प्रकारच्या काचांनी दोन वर्षांत नंबरवाढ जवळपास निम्म्यावर आली. महाग आहेत आणि दिवसभर लावल्या तरच उपयोग.

चष्म्याआधी थेंबांबद्दल: हाँगकाँगमध्येच चार ते नऊ वर्षांच्या, चष्मा नसलेल्या मुलांवरचा अभ्यास २०२३ साली आला. रोज रात्री ०.०५ टक्के अ‍ॅट्रोपीन घातलेल्यांत दोन वर्षांत २८.४ टक्के मुलांना मायनस लागला, नुसते साधे थेंब घातलेल्यांत ५३ टक्के मुलांना. ०.०१ टक्क्याने मात्र तिथे फरक दिसला नाही. म्हणजे उपाय आहे, पण मात्रा कोणती, उजेडाचा त्रास किती, किती वर्षं आणि थांबवताना कसं थांबवायचं, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मैत्रिणीच्या मुलाची बाटली तुमच्या मुलीला नको. मी तुमच्या जागी असते तर आत्ता डोळ्याची लांबी मोजून घेतली असती, सहा महिने उजेड आणि अंतर काटेकोर पाळलं असतं आणि दुसरं माप हातात आल्यावर थेंबांचं विचारलं असतं. चष्मा लागल्यावर बाहेर खेळण्याचा फायदा कमी दिसतो. तो लागू नये म्हणून हीच वेळ.

विश्रामबागची_आई
पटलं. लांबी मोजायला शनिवारची वेळ घेतली. रोज सकाळी बाबा आणि लेक आमराईला जाणार, संध्याकाळी मी कॉलनीतल्या बागेत. कथ्थकचा क्लास दिव्यांच्या वेळेला हलवलाय. जाऊबाईंनाही हा धागा पाठवला, त्यांची मुलं पण येणार आमच्याबरोबर.

एक शेवटचं. धाकटा चार वर्षांचा आहे. त्याला इतक्यात नेण्यात अर्थ आहे का? अक्षरं येत नाहीत अजून.

चारभिंती_सातारा
आहे, त्याच शनिवारी न्या. या वयात चित्रांच्या तक्त्यावर नजर तपासता येते आणि थेंब घालून नंबर काढताना मुलाने काही वाचायची गरजच नसते. त्यात दुसरी गोष्टही कळते: एका डोळ्यात मोठा नंबर असेल तर मूल दुसऱ्या डोळ्याने काम भागवतं, तक्रार करत नाही आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारणा चांगली होते. जाताना आई-बाबांचे चष्म्याचे जुने कागद बरोबर न्या, नंबर कितव्या वर्षी लागला तेही सांगा.

विश्रामबागची_आई
दोघांची वेळ घेतली. तिच्या बाबांना सहाव्या वर्षीच लागला होता, सासूबाईंनी त्यांचा पहिला कागद अजून जपून ठेवलाय. तोही नेते.